पॅकेट पकडलं, पण कुठे?

वाचकांचे प्रश्न : ऑफिसचं नेटवर्क आणि घुसखोर

वायरशार्क आणि टीसीपीडम्प ही नेटवर्कवरून जाणारी पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, पकडून दाखवणारी साधनं; दोन्ही फुकट मिळतात. त्यांच्या मदतीने नेटवर्कमधला धोका कसा ओळखायचा, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं इथे देत आहोत. फिल्टर, म्हणजे हवी तीच पॅकेटं निवडणाऱ्या अटी, देवनागरीत छापले आहेत. मशिनवर ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकायचे. स्पेलिंगबद्दल शंका असेल तर वायरशार्कमध्ये पॅकेटच्या तपशिलातल्या त्या ओळीवर क्लिक करा. खालच्या पट्टीत डावीकडे त्या फील्डचं फिल्टरमधलं नाव दिसतं. उजवं क्लिक करून ‘अप्लाय ॲज फिल्टर’ घेतलंत तर टंकायचीही गरज नाही.

प्रश्न : आमच्या ऑफिसात २५ कॉम्प्युटर आहेत. मी माझ्या लॅपटॉपवर वायरशार्क चालू केलं, प्रॉमिस्क्युअस मोडही चालू आहे. तरी मला फक्त माझाच ट्रॅफिक दिसतो. बाकीच्यांचा का दिसत नाही? (नाशिक)

उत्तर : दोष वायरशार्कचा नाही, स्विचचा गुण आहे. कोणतं यंत्र कोणत्या पोर्टवर (तार लावायच्या खाचेत) आहे हे स्विच लक्षात ठेवतो आणि पॅकेट त्याच पोर्टवर सोडतो. प्रॉमिस्क्युअस मोडचा अर्थ एवढाच की तुमच्या कार्डापर्यंत आलेलं पॅकेट, ते दुसऱ्याच्या नावाचं असलं तरी, कार्ड फेकून देणार नाही. मुळात आलंच नाही तर कार्ड काय करणार?

उपाय म्हणजे पोर्ट मिररिंग : एका पोर्टवरच्या पॅकेटांची प्रत दुसऱ्या पोर्टवर सोडणं. साध्या, सेटिंग नसलेल्या स्विचमध्ये ते नसतं. वेब पानावरून सेटिंग करता येणारा ५ किंवा ८ पोर्टचा छोटा ‘स्मार्ट’ स्विच घ्या आणि तो राउटर व मुख्य स्विच यांच्या मधे बसवा. मुख्य स्विचकडून येणारा पोर्ट ‘सोर्स’, तुमचा लॅपटॉप ज्यात आहे तो ‘डेस्टिनेशन’, आणि दिशा ‘दोन्ही’. बऱ्याच स्विचमध्ये मिररच्या पोर्टवरून तुमचं नेहमीचं इंटरनेट चालत नाही. त्यामुळे पकडण्यासाठी वेगळं यूएसबी लॅन कार्ड ठेवलेलं बरं.

जागा चुकली तर सगळी मेहनत वाया जाते. राउटरच्या बाहेरच्या बाजूला पकडलंत तर नॅटमुळे, म्हणजे राउटर सगळ्यांचे आतले पत्ते बदलून एकच बाहेरचा पत्ता लावतो त्यामुळे, पंचवीसही मशिन एकाच सार्वजनिक पत्त्याच्या नावाने दिसतील आणि दोषी कोण ते कधीच कळणार नाही. म्हणून नेहमी आतल्या बाजूला पकडायचं.

इथे आणखी एक आंधळी जागा आहे. एकाच स्विचवरच्या दोन कॉम्प्युटरमधलं बोलणं राउटरकडे जातच नाही, त्यामुळे वरच्या मिररमध्ये ते दिसणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला तो नेमका असा, शेजारच्या मशिनच्या ४४५ पोर्टवर (हा तारेच्या खाचेचा नव्हे, मशिनवरच्या सेवेचा नंबर). मात्र अशा किड्याला शेजारी शोधण्यासाठी आधी आर्पची (‘हा पत्ता कोणाचा?’ असं विचारणारी) हाक मारावी लागते, आणि आर्पची हाक ब्रॉडकास्ट असते, म्हणजे प्रत्येक पोर्टवर पोचते. त्यामुळे मिरर नसतानाही, तुमच्या साध्या लॅपटॉपवर ‘आर्प’ एवढाच फिल्टर लावून दहा मिनिटं बसा. एकच मशिन ‘१९२.१६८.१.२ कोण? १.३ कोण? १.४ कोण?’ असं ओळीने २५४ पर्यंत विचारत सुटलं असेल तर ते मशिन आधी तारेवरून काढा आणि मग चौकशी करा. फक्त ते मशिन प्रिंटर शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचं किंवा नेटवर्कची यादी करणाऱ्या ॲपचं तर नाही ना, हे विचारून घ्या. तेही हुबेहूब असंच करतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर ऑफिसच्या इंटरनेटला जोडलेला आहे. मोबाइलवर कॅमेरे पाहता यावेत म्हणून बसवणाऱ्याने राउटरमध्ये काहीतरी ‘फॉरवर्ड’ करून दिलं होतं. आता इंटरनेट अधूनमधून बंदच पडल्यासारखं होतं, राउटर बंद-चालू केला की ठीक. डीव्हीआरची तार काढली की त्रास होत नाही. त्याला व्हायरस लागू शकतो का? (ठाणे)

उत्तर : लागू शकतो, आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं त्याच दिशेची आहेत. २०१६ साली मिराय नावाच्या प्रोग्रॅमने जगभरचे डीव्हीआर, आयपी कॅमेरे आणि राउटर कारखान्यातून आलेल्या पासवर्डांच्या जोरावर ताब्यात घेतले होते. त्याचा मूळ कोड त्याच वर्षी उघड झाला आणि तेव्हापासून त्याची पिलावळ चालूच आहे.

तपासायचं असं. डीव्हीआरचा पोर्ट मिरर करा. पकडतानाच फिल्टर लावा : ‘होस्ट १९२.१६८.१.६४’, अर्थात तुमच्या डीव्हीआरचा जो पत्ता असेल तो. रात्रभर चालू ठेवा. सकाळी पाहताना हा फिल्टर लावा :

टीसीपी.फ्लॅग्स.सिन == १ && टीसीपी.फ्लॅग्स.ॲक == ०

म्हणजे ‘नवीन जोडणी सुरू करा’ अशी विनंती करणारी (सिन) पॅकेटंच उरतील. निरोगी डीव्हीआर अशा विनंत्या मोजक्याच ठिकाणी पाठवतो : कंपनीचा क्लाउड सर्व्हर, क्वचित मेलचा सर्व्हर. शिवाय क्लाउडकडे दर काही सेकंदांनी जाणारी छोटी यूडीपी (आधी जोडणी न करताच जाणारी) पॅकेटंही दिसतील. मोबाइलवर कॅमेरा दिसावा म्हणून ती रस्ता उघडा ठेवतात, त्यांना घाबरू नका. रोगट डीव्हीआर मात्र दर सेकंदाला अनेक नव्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या पत्त्यांना गाठतो आणि दार ठोठावतो ते २३ किंवा २३२३ नंबरचं, म्हणजे टेलनेटचं (दूरच्या यंत्रात शिरून त्याला हुकूम देण्याची जुनी सोय). टेलनेटने जगभर हिंडायचं डीव्हीआरला काही कारण नाही.

मिरायची एक सही आहे, ती एकदा डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे. टीसीपीच्या प्रत्येक नव्या जोडणीला एक सुरुवातीचा क्रमांक असतो, तो एरवी अंदाज न बांधता येण्यासारखा असतो. मिराय लिहिणाऱ्याने मात्र, परत येणारी उत्तरं आपलीच आहेत हे झटपट ओळखता यावं म्हणून, ज्याच्याकडे पॅकेट जातं त्याचा आयपी पत्ताच त्या जागी भरला. उदाहरण घ्या : पॅकेट २०३.०.११३.४५ कडे चाललंय. हा पत्ता एक सलग संख्या म्हणून वाचला तर २०३ गुणिले १६७७७२१६, अधिक ० गुणिले ६५५३६, अधिक ११३ गुणिले २५६, अधिक ४५, असा हिशेब होतो आणि उत्तर येतं ३४०५८०३८२१. आता वायरशार्कमध्ये त्या पॅकेटच्या टीसीपी भागात ‘सीक्वेन्स नंबर (रॉ)’ ही ओळ बघा. तिथे हाच आकडा असेल तर योगायोगाची शक्यता ४२९ कोटींत एक. नुसत्या ‘सीक्वेन्स नंबर’च्या ओळीत शून्य दिसेल, कारण सोयीसाठी वायरशार्क तो शून्यापासून मोजून दाखवतं. ‘रॉ’ लिहिलेलीच ओळ वाचायची.

दर वेळी गुणाकार नको असेल तर टीसीपीडम्पला थेट तुलना करायला सांगता येते. फिल्टर : टीसीपी[४:४] = आयपी[१६:४]. मोजणी शून्यापासून : टीसीपी हेडरच्या (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीच्या) चौथ्या बाइटपासून चार बाइट म्हणजे क्रमांक, आयपी हेडरच्या सोळाव्यापासून चार बाइट म्हणजे जाण्याचा पत्ता. दोन्ही सारखे असलेलीच पॅकेटं पकडली जातात. काहीच मिळालं नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. नंतरच्या काही प्रकारांनी ही सही बदलली आहे. २३ नंबरच्या दारांवरची ठोठावणी हाच मुख्य पुरावा.

आता इंटरनेट का बसतं? ही पॅकेटं ६० बाइटांच्या आसपासची, तेवढ्याने लाइन भरत नाही. भरतो तो राउटरचा नॅटचा तक्ता. प्रत्येक नव्या पत्त्यासाठी तो एक नोंद धरून ठेवतो, स्वस्त राउटरमध्ये नोंदींना मर्यादा असते, आणि ती गाठली की तुमच्या ब्राउझरलाही जागा मिळत नाही. राउटर बंद-चालू केला की तक्ता रिकामा होतो. तुमचा अनुभव यात चपखल बसतो.

उपाय करताना क्रम सांभाळा. आधी लॅनची तार काढा, मग डीव्हीआर बंद-चालू करा. मूळ मिराय फक्त मेमरीत राहतो, तो एवढ्याने जातो. पण पासवर्ड तोच ठेवून तार परत लावलीत तर काही मिनिटांत पुन्हा लागण होऊ शकते. म्हणून तार लावण्याआधी पासवर्ड बदला, फर्मवेअर (डीव्हीआरमधलं मूळ सॉफ्टवेअर) नवं असेल तर पेन ड्राइव्हवरून चढवा, राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आत यायची वाट) काढा आणि यूपीएनपीही (यंत्रांना स्वतःच अशी वाट उघडू देणारी सोय) बंद करा, नाहीतर डीव्हीआर स्वतःच ते दार पुन्हा उघडून घेईल. अनेक स्वस्त डीव्हीआरमध्ये स्क्रीनवरचा पासवर्ड वेगळा आणि टेलनेटचा वेगळा असतो, आणि टेलनेटचा बदलताच येत नाही. तसं असेल तर नेटवर्क सेटिंगमध्ये ‘गेटवे’चा (बाहेर जायच्या राउटरच्या पत्त्याचा) रकाना रिकामा ठेवा किंवा तिथे कुणालाही न दिलेला पत्ता टाका. डीव्हीआर आतल्या कॉम्प्युटरवर दिसत राहील, रेकॉर्डिंग चालू राहील, पण तो बाहेर जाऊ शकणार नाही. मोबाइलवरून पाहणं बंद होईल आणि घड्याळही इंटरनेटवरून जुळणार नाही. महिन्यातून एकदा वेळ हाताने लावा, कारण चोरीच्या तपासात चुकीच्या वेळेचं फुटेज फार डोकेदुखीचं ठरतं.

प्रश्न : चोवीस तास पॅकेट पकडून ठेवायची तर डिस्क किती लागेल? (कोल्हापूर)

उत्तर : हिशेब सोपा आहे. सरासरी २० मेगाबिट वेग म्हणजे सेकंदाला २.५ मेगाबाइट, तासाला ९ गिगाबाइट, आठ तासांच्या कामाच्या दिवसाला ७२ गिगाबाइट. डिस्क कितीही मोठी घेतलीत तरी भरणारच, म्हणून रिंग बफर वापरा. वायरशार्कच्या कॅप्चर ऑप्शन्समध्ये ‘आउटपुट’ टॅबवर दर १०० मेगाबाइटला नवी फाइल आणि एकूण २००० फाइली असं ठरवलंत तर २०० गिगाबाइटच्या वर ते जाणार नाही. जुनी फाइल पुसली जाऊन तिच्या जागी नवी येते. फाइल १०० मेगाबाइटचीच ठेवा. वायरशार्क उघडताना फाइलच्या आकाराच्या कितीतरी पट मेमरी घेतं, २ गिगाबाइटची फाइल साध्या लॅपटॉपला लोळवते. लांब मुदतीसाठी वायरशार्कची खिडकी उघडी ठेवू नका, त्याच्याबरोबर येणारा डम्पकॅप कमांडवरून चालवा.

जागा वाचवायला प्रत्येक पॅकेटचे पहिले १२८ बाइटच ठेवा, असा सल्ला जुन्या लेखांत सापडतो. कोण कोणाशी बोललं एवढंच हवं असेल तर ठीक. पण डीएनएसमधलं (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) लांब नाव त्यात तुटतं, आणि नव्या ब्राउझरांचा टीएलएसचा (वेबवरचं बोलणं एन्क्रिप्ट करणारी पद्धत) पहिला निरोप, क्लायंट हॅलो, पोस्ट-क्वांटम (क्वांटम कॉम्प्युटरलाही फोडता येऊ नये अशा) किल्लीमुळे एका पॅकेटात मावतच नाही. छाटलेल्या पॅकेटांतून तो पुन्हा जोडता येत नाही.

पकडणं थांबवल्यावर टीसीपीडम्प तीन आकडे छापतं. तिसरा, ‘ड्रॉप्ड बाय कर्नल’, शून्य नसेल तर काही पॅकेटं हातची सुटली आहेत. मिरर स्विचने टाकलेली पॅकेटं मात्र या आकड्यात येत नाहीत. १ गिगाबिटच्या लाइनच्या दोन्ही दिशा मिळून २ गिगाबिट होतात आणि मिररचा पोर्ट १ गिगाबिटचाच असतो.

प्रश्न : एका कॉम्प्युटरवरून डीएनएसला फार लांब, अर्थहीन नावं विचारली जातात. डेटा चोरला जातोय का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : जात असेल, पण आधी मोजा. डीएनएसच्या पूर्ण नावात जास्तीत जास्त २५३ अक्षरं बसतात, दोन टिंबांमधल्या एका तुकड्यात ६३. चोर डेटाचे तुकडे करून ते नावाच्या डाव्या बाजूला चिकटवतो आणि उजवीकडे स्वतःचं डोमेन ठेवतो. नाव शोधताना ते आपोआप त्याच्या सर्व्हरपर्यंत पोचतं. डीएनएसमध्ये लहान-मोठ्या लिपीचा फरक धरत नाहीत, म्हणून बहुधा एका अक्षरात ५ बिट भरतात. समजा २०० अक्षरं कामी आली, तर एका प्रश्नात १२५ बाइट. १० लाख बाइटांची एक साधी एक्सेल फाइल न्यायला ८००० प्रश्न लागतात. तेव्हा पुरावा लांबीत नसतो, संख्येत असतो : एकाच डोमेनखाली हजारो नावं, आणि त्यातलं एकही दुसऱ्यांदा न आलेलं.

पाहण्यासाठी फिल्टर : डीएनएस.क्यूआरवाय.नेम.लेन > ६०. जे उरेल ते उजवीकडच्या डोमेननुसार गटवार लावा. अँटीव्हायरस फाइलचा ठसा डीएनएसमधून तपासून घेतात, मेल सर्व्हर स्पॅमच्या याद्या विचारतात, व्हिडिओ आणि जाहिरातींच्या सर्व्हरांची नावंही वेडीवाकडी असतात. ही ओळखीची डोमेन वगळल्यावर जे शिल्लक राहतं त्यात टीएक्सटी प्रकारचे (पत्त्याऐवजी मजकूर मागणारे) प्रश्न आणि तेवढीच लांब उत्तरं असतील तर संशय पक्का होत जातो.

अर्थहीन पण आखूड नावं, आणि उत्तर दर वेळी ‘असं नाव नाही’ : हा वेगळा प्रकार. मालवेअर रोज नवी डोमेन नावं तयार करून मालकाचा सर्व्हर शोधतो तेव्हा असं दिसतं. फिल्टर डीएनएस.फ्लॅग्स.आरकोड == ३. क्रोमच्या जुन्या आवृत्त्या सुरू होताना अशी तीन नावं विचारत असत. तीन म्हणजे क्रोम, तीनशे म्हणजे दुसरंच काही.

कोणता प्रोग्रॅम विचारतोय हे पॅकेटमध्ये लिहिलेलं नसतं, आणि विंडोजमध्ये सगळे प्रश्न एकाच सेवेमार्फत बाहेर पडतात. त्या मशिनवर मायक्रोसॉफ्टचं सिसमॉन बसवा. त्याची २२ नंबरची नोंद नाव विचारणाऱ्या प्रोग्रॅमचा पत्ता देते.

प्रश्न : हल्ली सगळंच एन्क्रिप्टेड असतं. मग पॅकेट पकडून काय उपयोग? (बेळगाव)

उत्तर : पत्र बंद असलं तरी पाकीट वाचता येतं. कोण, कोणाला, कधी, किती बाइट, हे उघडंच असतं. टीएलएसच्या पहिल्या निरोपात बहुतेक वेळा साइटचं नावही उघडं जातं. यूडीपी ४४३ वरच्या क्विकमध्येही (टीसीपीऐवजी यूडीपीवर चालणारी नवी वेब-पद्धत) वायरशार्क ते काढून दाखवतं, कारण पहिल्या पॅकेटची किल्ली सर्वांना माहीत असलेल्या सूत्रावरून बनते.

सगळ्यात उपयोगी पडते ती वेळ. ताब्यात गेलेलं मशिन ठरावीक अंतराने मालकाकडे हजेरी लावतं. संशयित पत्त्यावर फिल्टर लावा, त्यातली फक्त सिन पॅकेटं ठेवा, आणि व्ह्यू मेनूमधल्या टाइम डिस्प्ले फॉरमॅटमध्ये ‘मागच्या दिसणाऱ्या पॅकेटनंतरचे सेकंद’ हा पर्याय घ्या. ५८, ६३, ६०, ५७, ६१ असे आकडे रात्री तीन वाजताही येत राहिले, आणि दर वेळी बाइटही तेवढेच, तर तिथे माणूस नाही, यंत्र बोलतंय. पण यंत्रं चांगलीही असतात : मेल तपासणारा प्रोग्रॅम, घड्याळ जुळवणारा एनटीपी (त्याचे टप्पे ६४, १२८, २५६ सेकंद असे दुपटीचे), चॅटचं ॲप. म्हणून एखाद्या शांत दिवशी, काही बिघडलेलं नसताना, तासाभराची फाइल पकडून जपून ठेवा. कोणता पत्ता नवा आहे हे तिच्याशी ताडूनच कळतं.

प्रश्न : एमटीयू (एका पॅकेटाची कमाल लांबी) १५०० असताना मला २९७४ बाइटांची पॅकेटं दिसतात. हल्ला आहे का? (पुणे)

उत्तर : नाही. तुम्ही पाठवणाऱ्या मशिनवरच पकडताय. तुकडे करायचं काम कार्ड करतं, वायरशार्क त्याच्या आधीच बघतं. १४६० चे दोन तुकडे अधिक ५४ बाइट हेडर, २९७४. पाठवलेल्या पॅकेटांचं चेकसम (बिघाड पकडणारा पडताळणीचा आकडा) चुकीचं दिसणं हेही त्यातलंच. मिररवर पकडा, दोन्ही गायब होतील. लाल-काळ्या ओळींवरूनही हल्ला ठरवू नका. ढिल्या तारेनेही पॅकेटं पुन्हा पाठवावी लागतात.

प्रश्न : पतसंस्थेच्या नेटवर्कमध्ये वायरशार्कने ‘ड्युप्लिकेट आयपी’ची पिवळी ओळ दाखवली. कोणी मधे बसून ऐकतंय का? (सांगली)

उत्तर : बहुतेक वेळा प्रिंटरला हाताने दिलेला पत्ता डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटणारी राउटरची सेवा) दुसऱ्यालाही वाटलेला असतो. डीएचसीपीचं वाटप १०० पासून सुरू होत असेल, तर हाताने द्यायचे पत्ते ९९ च्या आत ठेवा.

भांडण राउटरच्या पत्त्यावरून असेल तर मात्र गंभीर आहे. राउटरच्या स्टिकरवर लॅनचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) असतो, तो लिहून घ्या. कोणी न विचारता दर दोनेक सेकंदांनी ‘१९२.१६८.१.१ म्हणजे मी’ असं उत्तर येत असेल आणि मॅक स्टिकरवरचा नसेल, तर मधे कोणीतरी आहे. मॅक ००:००:५ई:००:०१ ने सुरू होत असेल तर तो दोन राउटरांनी वाटून घेतलेला आभासी पत्ता आहे, तिथे चिंता नको. मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता कारखान्यातला नाही, सॉफ्टवेअरने बनवलेला आहे. वायफायवरचे फोन सर्रास असे पत्ते वापरतात, पण तारेवर, राउटरच्या नावाने, तो दिसायला नको. स्विचच्या पानावर तो मॅक कोणत्या पोर्टवर आहे ते बघा आणि तार धरून चालत जा.

प्रश्न : कॉलेजच्या लॅबमध्ये हे करायला परवानगी लागते का? आणि काही सापडलं तर? (रत्नागिरी)

उत्तर : लागते, आणि लेखी घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नेटवर्कमधला डेटा उतरवून घेणं बसतं. शिकवण्याचा हेतू ही सबब नाही. विद्यार्थ्यांसाठी दोन मशिन आणि एक स्विच असा तुटक संच करा, कॉलेजचं मुख्य नेटवर्क नको.

संस्थेत खरी घटना सापडली तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायचं असतं, आणि यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. लॉग, पॅकेटं नव्हेत. फाइल हाती लागताच तिचा एसएचए-२५६ (फाइल बदलली नाही हे दाखवणारा ठसा) काढून कागदावर लिहा. विंडोजमध्ये सर्टयुटिल ते करतो. मूळ फाइल वेगळी ठेवून प्रतीवर काम करा. ती व्हॉट्सॲपवर फिरवू नका, तिच्यात कुणाचा तरी एफटीपीचा पासवर्ड उघडा असू शकतो.

फाइलमधली वेळ यूटीसीमध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) साठवलेली असते आणि वायरशार्क ती तुमच्या मशिनच्या वेळेत दाखवतं. अहवालात भारतीय वेळ की यूटीसी ते स्पष्ट लिहा. इंटरनेट कंपनीकडे लॉग मागताना साडेपाच तासांची चूक झाली तर भलत्याच ग्राहकाचं नाव हाती येतं, कारण तोच सार्वजनिक पत्ता तोवर दुसऱ्या कुणाला दिलेला असू शकतो. शक्य असेल तर सोर्स पोर्टचा नंबरही कळवा. एकाच पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवणाऱ्या कंपनीला त्याशिवाय शोधता येत नाही.